शेजाऱ्याचं म्हणणं

कांबळेसर गेल्याची बातमी मला रस्त्यावर मिळाली. सकाळी दूध घेऊन परतत होतो. त्यांचा एक जुना विद्यार्थी सायकलवरून उतरला आणि हँडल धरूनच म्हणाला, "सर, आमचं सर गेलं." त्यांच्याच शाळेत मीही वीस-बावीस वर्षं शिकवलं, या गृहस्थाला तर दोन वर्षं मराठी शिकवलं, पण 'आमचं सर' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

यशवंत कांबळे भूगोल शिकवत. गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातून आलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या शाळेत तात्पुरते शिक्षक म्हणून लागले. तात्पुरत्या शिक्षकाला एप्रिलअखेर सेवामुक्तीचा कागद मिळायचा आणि संस्थेची मर्जी असेल तर जूनमध्ये नेमणुकीचा. मधले दिवस त्यानं मर्जीचा अंदाज घेत काढायचे. सरांच्या घरी बायको, दोन लहान मुली, गावाकडे आईवडील. सगळे त्या एका कागदावर अवलंबून. त्यांचा आठवीचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्यांची पद्धत अशी, की प्रश्न विचारायचा आणि मुलांना आपापल्या शेजाऱ्याशी बोलायला लावायचं. पाच मिनिटांनी एकेकाला उभं करायचं, पण त्यानं स्वतःचं उत्तर द्यायचं नाही. शेजारी काय म्हणाला ते सांगायचं. शेजाऱ्यानं मान हलवून 'व्हय, हेच म्हटलं' अशी पावती दिली तरच खाली बसायचं. म्हणजे पन्नास मुलं एकदम बोलणार, आणि कोल्हापुरात हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण मानतात. इकडे मी कविता शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून खारे वारे, मतलई वारे आणि अधूनमधून भांडणं येत.

शाळा देवळासारखी शांत हवी, असं आमचे मुख्याध्यापक म्हणत. अंबाबाईच्या देवळात ते शुक्रवारी कधी गेले नसावेत. त्यांनी मला, आवाजाचा त्रास होतो ते जरा लेखी द्या, असं सुचवलं. मी दिलं. सव्वा पान भरलं, त्यात एक संस्कृत वचन, शेवटी 'शिस्तीच्या हितासाठी' आणि खाली ठसठशीत सही. अशा कागदावर माणूस घरी बसतो हे मला माहीत नव्हतं, असं आज लिहायला आवडलं असतं... माहीत होतं. मार्च महिना चालू होता.

संस्थेच्या समितीची बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. चेअरमन अण्णा हे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ते फार शिकलेले नव्हते आणि ते लपवतही नसत. समितीत हा गुण दुर्मीळ होता. माझा अर्ज मोठ्यानं वाचला गेला. संस्कृत वचनापाशी अण्णांनी जांभई दिली. मग त्यांनी कांबळेसरांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? सर उभे राहिले. त्यांच्या हातातला रुमाल घामानं ओला झालेला मला दिसत होता.

"आधी जोशीसरांचं म्हणणं मी सांगतो," ते म्हणाले. "माझं त्यांनी सांगावं."

आणि त्यांनी माझी तक्रार माझ्यापेक्षा चांगली मांडली. कवितेच्या शेवटच्या ओळीला जोशीसर आवाज खाली आणतात, नेमका तेव्हाच माझा वर्ग बोलायला लागतो. मागच्या बाकांना ऐकू जात नाही. मग त्यांना ताणून बोलावं लागतं, दिवाळीपासून त्यांचा घसा बसलेला आहे... घशाचं मी अर्जात लिहिलंच नव्हतं. ते त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढ्यानं काही सुचत नाही, हे त्या दिवशी कळलं.

"मला त्यांचं म्हणणं ठाऊक नाही," मी म्हणालो. "कधी विचारलं नाही."

"मग तक्रार कशावर केलासा, मास्तर?" अण्णांनी विचारलं.

मुख्याध्यापक मध्ये काही बोलणार होते, अण्णांनी हात वर केला. शेवटी असं ठरलं की मी आठवडाभर कांबळेंच्या तासाला बसायचं आणि पुढच्या शनिवारी येऊन त्यांची बाजू सांगायची. त्यावर जूनचा निर्णय. ज्यानं नोकरी घालवायला घेतली होती, त्याच्याच तोंडी ती आता राखायला दिली होती.

सोमवारी मला मंगल पोवार नावाच्या मुलीच्या शेजारी खुर्ची मिळाली. प्रश्न होता, कोल्हापुरात ऊन असताना पंचगंगेला पूर कसा येतो? मी मंगलला सविस्तर सांगितलं. नदी आणि संस्कृती यांचा संबंधही ओझरता आणला. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर लई बोललं. पर पाणी कुठनं येतंय ते न्हाय सांगितलं." वर्ग हसला नाही, ते जास्त लागलं. सगळे माझ्या पावतीची वाट बघत होते. मी मान हलवली. नंतर तिचं म्हणणं सांगायची पाळी माझी. मी उभा राहिलो, आणि डोक्यात काहीच नव्हतं. ती बोलत होती तेव्हा मी माझं पुढचं वाक्य जुळवत होतो. कांबळेसर रागावले नाहीत, पण सुटकाही केली नाही. एवढंच म्हणाले, परत विचारा तिला. मी पन्नास मुलांदेखत वाकून विचारलं. तिचा मामा गगनबावड्याला होता. तिकडं दोन दिवस पाऊस लागून पडला की तिसऱ्या दिवशी यांच्या गल्लीत पाणी, मग इथं ऊन का असेना. तिचं उत्तर दोन वाक्यांत संपलं.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मी सरांना विचारलं, हे सगळं कशासाठी? ते फळा पुसत होते. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "चौथीपर्यंत मी वर्गाच्या दाराशी एकटा बसायचो. उत्तर यायचं. सांगायला शेजारी नव्हता." फळा पुसून झाला तरी त्यांचा हात फिरत राहिला. मग वळून म्हणाले, "उद्या हे सांगू नका. त्यांना माझी दया येईल. पद्धतीचं काय ते बोला."

शनिवारी मी पद्धतीचं बोललो. पुराचं सांगितलं, मंगलचं सांगितलं, माझी फजितीही सांगितली. समितीतले दोघे हसले आणि मला जरा बरं वाटू लागलं. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, हे ठीक आहे, पण हा हट्ट आला कुठून? यांच्या डोक्यात हे भरवतं कोण? उत्तर माझ्याजवळ होतं. ते दिलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं, हेही दिसत होतं. कांबळेसर माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेला अंगठा घासत होते.

"ते त्यांनी मला सांगितलंय," मी म्हणालो. "आणि इथं सांगू नका, असंही सांगितलंय. दोन्ही त्यांचंच म्हणणं आहे."

अण्णांनी सरांकडे मान वळवली. "बरोबर सांगितलं का ह्यांनी?"

सरांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, आवाज होतो मात्र, तेवढं लिहून घ्या. अण्णा म्हणाले, गुळाच्या सौद्यालाबी होतोय की.

जूनमध्ये त्यांना कागद मिळाला. वर्ग मात्र सायकल स्टँडमागच्या शेवटच्या खोलीत हलवला गेला, कारण समितीनं कुणाचंच पूर्ण ऐकायचं नसतं. एप्रिलचे कागदही पुढे काही वर्षं येत राहिले. कायदा बदलला तेव्हा कुठे सर कायम झाले. आमची मैत्री फार बोलकी नव्हती. त्या अर्जाबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही, त्यांनी विषय कधी काढला नाही. फक्त मला एक सवय लागली. शिक्षकसभेत कुणाचं म्हणणं मी मांडलं, की बसताना शेजारच्या खुर्चीवरच्या कांबळेसरांकडे बघायचो. त्यांची मान हललेली दिसली की नीट टेकून बसायचो.

शोकसभा त्या शेवटच्या खोलीतच झाली. वक्ते पुष्कळ होते आणि बहुतेक स्वतःबद्दल बोलले. एकानं तर सरांना आपणच घडवल्याचं सूचित केलं. माझी पाळी आली तेव्हा, फळा पुसताना ते जे म्हणाले होते तेवढं मी सांगितलं. शब्द त्यांचेच, माझा एकही नाही. सांगू नका हे त्यांनी त्या समितीपुरतं म्हटलं होतं, असं मी धरून चाललो. आता दयेचा त्यांना उपद्रव होणार नव्हता. पण हा अर्थ माझा. तो बरोबर की चूक...

खाली बसलो आणि सवयीनं शेजारी पाहिलं. खुर्चीवर प्रमुख पाहुण्यांचा हार ठेवलेला होता.