नेई तेबानियाचा मंगळवार

नेई तेबानिया, म्हणजे तेबानियाबाई, भांडखोर नव्हती. एकदा पटलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहायची तिला सवय नव्हती, इतकंच. दोन वर्षांपूर्वी सरकारने नकाशावरची तारीख बदलणारी रेषा ख्रिसमस बेटाच्या पलीकडे नेली आणि बेटावरचा एक अख्खा दिवस गळाला. "माझा दिवस कुठे ठेवलात?" असं ती चर्चच्या दारात भेटेल त्याला विचारायची. रविवार ती गावाबरोबरच पाळी. पण होनोलुलूचा वार आपल्याहून एक दिवस मागे, हे तिच्या डोक्यात शिरेना. इथे दुपार तेव्हा तिथेही दुपार, मग वार कसा निराळा?

होनोलुलूत तिची लेक रुता राहत होती. रुताच्या मारेवेला मंगळवारी वर्ष पूर्ण होणार होतं. पहिला वाढदिवस म्हणजे गावजेवणच, आणि आजीने तर नातीला अजून पाहिलंही नव्हतं. बरेच महिने बंद असलेलं विमान नुकतंच सुरू झालं होतं. रुताने फोन केला, "आई, मंगळवारी सकाळी निघतो. वाढदिवस तुझ्याच मांडीवर!"

"दोन हजार किलोमीटर, तीन तास. दुपारच्या जेवणाला हजर," तेबानियाने जाहीर केलं.

"अगं, इथे तेव्हा बुधवार असेल," नवरा कौरे म्हणाला.

"तीन तासांत बुधवार? वाटेत मुक्काम करणार आहेत का?"

मंगळवारी डुक्कर भाजून तयार, मासे तयार. डोक्यावर घालायचे फुलांचे मुकुट घेऊन अर्धं गाव विमानतळावर उभं राहिलं. आकाशात फक्त समुद्रपक्षी. शेवटी सामान तोलणारा मोते बाहेर आला.

"नेई तेबानिया, विमान उद्या. तिकडे अजून सोमवारच आहे."

"अजून सोमवार? एवढे कसे मागे राहिले ते?"

उन्हात अन्न टिकणार नव्हतं. गाव मनेआबात, सभेच्या त्या मोठ्या छपराखाली, जेवायला बसलं.

"उत्सवमूर्तीशिवाय वाढदिवस पहिल्यांदाच जेवतोय!"

"डुक्कर मात्र वेळेवर आलं हो!"

तेबानियाही हसली, पण ताट तिने तसंच बाजूला सारलं. मांडी रिकामीच राहिली आणि तो दिवस निघून गेला होता.

बुधवारी ती कालचाच मुकुट पाण्यात भिजवून घेऊन गेली. विमान उतरलं. कडेवर मारेवेला घेऊन रुता आली.

"उशीर झाला गं," तेबानिया म्हणाली. "वाढदिवस काल होऊन गेला."

"काल कसा? होनोलुलूत आज सकाळीच मेणबत्ती लावून निघालो. तिथे आत्ता मंगळवार आहे, आई!"

तेबानियाने मुकुट नातीच्या डोक्यावर ठेवला. मग ती कौरेकडे वळली.

"ऐकलंस? आज मंगळवार आहे. मी दुसरं काय सांगत होते?"

"मंगळवारच गं बाई," कौरे म्हणाला. त्याचे डोळे हसत होते.

मुकुट मारेवेच्या नाकापर्यंत घसरला. तिने तो ओढून काढला आणि चावायला सुरुवात केली. मोते तराजू सोडून जाळं आणायला पळाला, बायकांनी घरातले तांदूळ आणि नारळ काढले. संध्याकाळी मनेआबा पुन्हा भरला.

"नेई तेबानिया," मोते दोन्ही हातांनी माशाचे काटे काढत ओरडला, "उद्या तुमच्याकडे कुठला वार? त्या बेताने पोट मोकळं ठेवतो!"

"तू जेव मुकाट्याने," तेबानिया म्हणाली. मांडीवरची नात झोपली होती, आणि तिला हलायचं नव्हतं.