वॉल्टरचं पुढे काय झालं

मी घर सोडलं तेव्हा चिंचवडच्या आमच्या बिल्डिंगखाली निम्मी बिल्डिंग जमली होती. कंपनीनं मुंबई विमानतळापर्यंत गाडी पाठवली होती आणि ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. आईनं बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कुंकवाची पुडी, मेतकूट आणि सर्दीच्या गोळ्या कोंबल्या. अप्पा जरा बाजूला उभे राहून शेजारच्या कुलकर्णीकाकांना सांगत होते, "पोरगं अमेरिकेला ट्रेनिंगला चाललंय. सहा महिने. तिथून मग सिंगापूर." ट्रेनिंग हा शब्द मीच त्यांना दिला होता. तो खोटा नव्हता, पण अर्धाच होता.

उरलेलं अर्धं असं. ओहायोतल्या एका छोट्या गावात कंपनीचा जुना कारखाना होता. तिथली यंत्रांची एक अख्खी लाइन उचलून सिंगापूरला, तुआसच्या औद्योगिक वसाहतीत आणायची होती. ओहायोतल्या माणसांकडून काम शिकून घ्यायचं, यंत्रं पेट्यांत भरायची आणि सिंगापूरला आणून चालू करायची, हे माझं काम. ती माणसं मग घरी बसणार होती. अप्पांना हे सांगायची माझी छाती झाली नाही, कारण तीनच वर्षांपूर्वी त्यांचा पिंपरीचा कारखाना बंद पडला होता. अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस एका सोमवारी गेटवरची नोटीस वाचून भरलेला डबा घेऊन परत आला. त्या जागेवर आता टॉवर आहेत. अप्पा अजून त्या रस्त्यानं जात नाहीत, भाजी आणायलासुद्धा वळसा घालून जातात.

आज हे लिहायला बसलो ते आपल्या डिप्लोमाच्या बॅचच्या ग्रुपमुळे. तुमच्यातले काही आकुर्डी-चिंचवडलाच राहिलात, काही माझ्यासारखे उडालात. मध्यंतरी आमच्या कंपनीचा नवा प्लांट चाकणला येतोय अशी बातमी कुणीतरी टाकली आणि त्याखाली तुम्ही पेढ्यांची, फटाक्यांची चित्रं ओतलीत. मीही एक अंगठा टाकला. अहो, टाकणार नाही तर काय करणार! पण चाकणला येतेय ती माझीच लाइन आहे, आणि तिच्याबरोबर माझी नोकरी जातेय. ग्रुपवर हे लिहायला जागा नव्हती.

तर ओहायो. मला शिकवायला नेमलेल्या माणसाचं नाव वॉल्टर. साठीच्या आसपासचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा, बोलायला तुसडा. आम्ही बनवत होतो ती हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या आतली स्टीलची दांडी, तिला स्पूल म्हणतात. खोदकामाच्या यंत्राचा हात वरखाली होतो तो तिच्या जिवावर. केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फरक पडला की तेल गळायला लागतं. ग्राइंडिंगचा आवाज बदलला की वॉल्टर कागद न बघता सांगायचा, चाक घासत आलंय. मी मॅन्युअल उघडून बसलो की म्हणायचा, "ठेव ते. त्यात माणसानं काय करायचं ते लिहिलंय, यंत्र काय करतं ते नाही लिहिलेलं." मला तो आवडायला लागला होता. शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यानं मला दोनदा घरी जेवायला नेलं. त्याची बायको डोना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, तरी तिनं माझ्यासाठी बिनमांसाचं राजम्याचं सूप करून ठेवलं होतं. अळणी होतं, पण मी दोन वाट्या प्यायलो.

मॅनेजरनं पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये घेऊन बजावलं होतं की कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, एक्स्ट्रा कपॅसिटी. सिंगापूरला जादाची लाइन टाकतोय, इथलं इथंच राहणार. मी मान डोलावली. वॉल्टरनं एकदा विचारलं तेव्हा तसंच सांगितलं, आणि त्याचा विश्वास बसला. मी चांगल्या घरातला दिसतो ना!

मग ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आईचा फोन आला, "एवढ्या यंत्रांत राहतोस, निदान हात तरी जोड." लहानपणी खंडेनवमीला अप्पा मला कारखान्यात न्यायचे. यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी असायची आणि जो तो आपापल्या यंत्रापुढे नारळ फोडायचा. मी एकदा शेजारच्या मोठ्या मशिनला फूल वाहायला गेलो तर अप्पांनी मनगट धरलं. म्हणाले, "ते पाटलांचं. आपण ज्यावर पोट भरतो तेच पुजायचं." हे इतकं अंगात मुरलेलं की ओहायोत मी फार विचारच केला नाही. त्या दिवसांत तिथं दारादारांत शेवंतीच्या कुंड्या असतात. राहत होतो त्या मोटेलच्या कुंडीतलं एक फूल तोडलं, सकाळी लवकर जाऊन आईच्या पुडीतलं कुंकू एका ग्राइंडरच्या कडेला लावलं, फूल ठेवलं, हात जोडले. रांगेत तशी चार यंत्रं होती. मी पुजलं ते एकच, पहिल्या जहाजानं निघणार होतं ते.

वॉल्टर आला. फुलाकडे बघून त्यानं हे काय म्हणून विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एकदा पोटापाण्याच्या हत्याराची पूजा करतात, ज्यानं त्यानं आपापल्या. तो ऐकत होता. मग त्यानं उरलेल्या तीन यंत्रांवरून नजर फिरवली, त्यांना ना कुंकू ना फूल. बारा वर्षं तो ज्या यंत्रावर उभा होता, त्या फूल ठेवलेल्या यंत्राकडे बोट करून तो म्हणाला, "म्हणजे हे तुझं?" उत्तर द्यायला मला फार वेळ लागला, आणि तेच उत्तर होतं, हे त्यालाही कळलं. त्यानं फूल उचललं नाही, पुसलं नाही. हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि कँटीनमध्ये निघून गेला.

दुपारपर्यंत साऱ्या कारखान्यात बातमी झाली. कंपनीला घाईघाईनं लाइन हलवत असल्याची नोटीस लावावी लागली. मॅनेजर माझ्यावर असा ओरडला की बस. नोटिशीत एक अट होती, जे शेवटपर्यंत शिकवतील त्यांचा आरोग्य विमा काही महिने जास्त चालेल. डोनासाठी वॉल्टरला तो विमा हवाच होता. म्हणून तो शिकवत राहिला. सगळं शिकवलं, एक गोष्ट राखून ठेवली नाही, पण त्यानंतर कामाशिवाय एक शब्द माझ्याशी बोलला नाही. शेवटच्या दिवशी यंत्राचा मुख्य दांडा त्यानं स्वतः तेलकट कागदात गुंडाळला, पॅकिंगवाल्यांना हात लावू दिला नाही. मी थँक यू म्हटलं. त्यानं हात पुसून माझ्याशी हात मिळवला आणि पार्किंगकडे गेला. माफी मागायची मनात होती, पण मॅनेजर शेजारी उभा होता म्हणून राहिली. खरं सांगायचं तर तो नसता तरी राहिलीच असती.

सिंगापुरात मला बरे दिवस आले, हे कबूल केलं पाहिजे. लाइन चालू झाली, मेधा लग्न होऊन आली, जुरोंग ईस्टला भाड्याचा फ्लॅट घेतला, मुलगी इथंच जन्मली. रविवारी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चारपाच मराठी घरं जमतो आणि कॉफीबरोबर जगाचं अर्थकारण सोडवतो. अमेरिकेतले कामगार रडतात असा विषय निघाला की बँकेतला आमचा शिरीष म्हणायचा, "कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे?" त्याच्याहून मोठ्यानं मी बोलायचो. काम जिथं स्वस्त तिथं जाणार, आम्ही काय कुणाच्या घरात शिरून चोरलं का, ते लोक आळशी, वगैरे. वॉल्टर सकाळी सहाला यायचा, हे मी कुणालाही सांगितलं नाही. आणखी एक सांगितलं नाही. तो कारखाना तोट्यात नव्हता. नफा होता, फक्त वरच्यांना हवा तेवढा नव्हता. मी ते कागद बघितले होते.

आता या जूनमध्ये आमच्या इथल्या मॅनेजरनं मला बोलावलं. चाकणहून एक इंजिनियर येतेय, तिला लाइन शिकव. का, तर एक्स्ट्रा कपॅसिटी. पंधरा वर्षांत कंपनीला दुसरा शब्दसुद्धा सुचला नाही! मला हसूच आलं. मग बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि हिशोब मांडला. आमचा पीआरचा, म्हणजे कायम राहण्याचा, अर्ज दोनदा नाकारलेला आहे. नोकरी गेली की माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, गेला, त्याच्यावरच मेधाचा आणि पोरीचा पास, आणि मग साधारण महिनाभरात गाशा गुंडाळायचा. पोरीची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर आहे. तिला जावं लागेल कदाचित, एवढंच सांगितलं तर इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "पपा, कॅन डोन्ट गो ऑर नॉट? माय फ्रेंड्स ऑल हिअर लाह." मेधानं तिला जवळ घेतलं, आणि मी उगाच गॅलरीतले कपडे काढायला गेलो.

आलेल्या मुलीचं नाव स्नेहल. आकुर्डीची, पंचविशीची, आपल्याच कॉलेजची. पहिल्या दिवशी आईनं दिलेला चिवडा घेऊन आली आणि "सर, सर" करत मागे फिरायला लागली. मला राग आला. कंपनीचा यायला हवा होता, पण कंपनी तर समोर नव्हती, ही पोरगी होती. आठवडाभर मी तिच्या हातात मॅन्युअल ठेवून "वाच" म्हणत राहिलो. तिनं काही विचारलं तर "त्यात आहे" म्हणून तोडायचो. वॉल्टरनं निदान शिकवलं होतं, मी तेवढंही करत नव्हतो. तिला सगळं माहीत होतं, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

त्या रविवारी सकाळी अप्पांचा फोन आला. आई गेल्यापासून रविवारचा फोन तेच लावतात. आवाजात नुसता आनंद. "अरे, तुझी कंपनी चाकणला आली म्हणे! मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले." आणि मला राहवलं नाही. आधी माझं सांगितलं, मग ओहायोचंही. ट्रेनिंग म्हणजे काय होतं ते, खंडेनवमीचं, डोनाच्या डायलिसिसचं, सगळं.

मग अप्पा म्हणाले, "त्याचं पुढं काय झालं?"

"कुणाचं?"

"तुला शिकवलं त्याचं. बायको आजारी होती म्हणालास ना?"

"माहीत नाही, अप्पा."

"पंधरा वर्षांत एकदा विचारलं नाहीस?"

अप्पाच पुढं बोलत राहिले. कारखाना बंद पडल्यावर त्यांचा लेथ न्यायला कोइमतूरहून एक माणूस आला होता. अप्पांनी त्याला दोन दिवस लेथच्या खोडी समजावल्या, घरी आणून चहा पाजला. "वाटायचं, कधीतरी दोन ओळी टाकेल. लेथ कसा चालतो, तुम्ही काय करता. नाही टाकल्या." हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. शरम वाटली, स्वतःची, सरळ सरळ शरम.

वॉल्टरचा नंबर जुन्या डायरीत होता. लावला, तो बंद आहे. नेटवर त्या नावाची इतकी माणसं निघाली की मी थांबलो. डोनाला विमा पुरला का, मला माहीत नाही. आता बहुधा कळणारही नाही.

सोमवारी स्नेहलला कँटीनमध्ये समोर बसवलं आणि मराठीत सांगितलं, "मला माहीत आहे लाइन कुठे चाललीय. तुला खोटं बोलायला लावलंय, तेही माहीत आहे. मीही बोललो होतो." ती एकदम रडायला लागली. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला लागली. तिच्या वडिलांचीही कंपनी बंद पडलेली, घरात ती एकटी कमावती. मी म्हटलं, "रडू नकोस, चल, मॅन्युअल ठेव बाजूला." त्या दिवसापासून मी तिला सगळं शिकवलं. हुशार आहे पोरगी, दोन महिन्यांत आवाजावरून चाक ओळखायला लागली. कंपनीला मी माफ केलेलं नाही, आणि शिरीषनं परवा पुन्हा धर्मशाळेचं काढलं तेव्हा मी त्याला ओहायोचा नफा सांगितला. तो गप्प बसला नाही, वाद घालत राहिला. घालू दे.

गेल्या शुक्रवारी तिचा इथला शेवटचा दिवस होता. निघताना म्हणाली, "सर, तुमच्यासाठी काही करता येईल का?" मी म्हटलं, "एक कर. सहा महिन्यांनी विचार, माझं काय झालं."

तिनं फोन काढला. "हो सर, नक्की. पण तेव्हा तुम्ही असाल कुठं? कुठल्या नंबरवर करू?"

सिंगापूरचा नंबर पासाबरोबर जाईल. दुसरी नोकरी मिळाली तर इथं, नाही तर कुठं, देव जाणे. पंधरा वर्षं फॉर्मवर कायमचा पत्ता म्हणून चिंचवडचा लिहीत आलोय, पण माझ्या मुलीला तिथला जिनासुद्धा अंधारात चढता येणार नाही. शेवटी तिला अप्पांचा नंबर दिला. मी कुठंही असलो तरी त्यांना ठाऊक असतं.

संध्याकाळी त्यांना फोन करून सांगितलं, "स्नेहल नावाची मुलगी विचारेल माझं. तिला खरं काय ते सांगा."

"सांगीन," अप्पा म्हणाले. "पण त्यासाठी आधी तू मला खरं सांगत जा."