शिंपल्यांची खिडकी

"सायबा, माका भितर सूत दिसना," बाबलकाका म्हणाले आणि अर्धं सांधलेलं जाळं त्यांनी माझ्या हातात दिलं. सूत मलाही दिसेना.

गोवा राज्य झाल्यानंतरची ती वर्षं. मी सरकारी प्लॅनर, पेडण्याचा भाग माझ्याकडे. चोपड्याला नदीकाठी पोर्तुगीज अमदानीतल्या घरांची एक ओळ होती. ती हेरिटेज म्हणून जपायची ठरली होती. कौलं, चिरे, खिडक्या, काही बदलायचं नाही. या खिडक्यांना काच नसते. लाकडी चौकटींत शिंपल्यांचे पातळ, चपटे तुकडे बसवलेले असतात. त्यातून दुधाळ उजेड येतो. दिसायला सुरेख, पण बारीक कामाला कुचकामी.

"मग खिडकी उघडून बसा की," मी म्हटलं.

"पावसांत होड्यो वयर. जाळीं सांदपाचीं तेन्नाच. आनी खिडकी धांपची पडटा, तीय तेन्नाच."

म्हणजे जाळी सांधायचा हंगाम आणि खिडकी बंद ठेवायचे दिवस एकच. विजेचं विचारूच नका, पावसात ती दिवसदिवस नसायची. गावभरची जाळी काकाच सांधायचे, त्यावरच त्यांचं पोट. खिडकीच्या मधल्या भागात तेवढी काच त्यांना हवी होती.

मी प्रस्ताव घेऊन साहेबांकडे गेलो.

"सर, एकच खिडकी. चौकट तीच राहील."

"एक एक्सेप्शन दिलं की उद्या अख्खी लाइन ॲल्युमिनियमची. तुम्ही थांबवणार?"

साहेबांचंही खोटं नव्हतं. किनाऱ्यावर इतरत्र तसं झालेलं मी पाहिलं होतं. फाइल तिथेच मिटली.

नकार सांगायला गेलो तेव्हा काकांची बायको, शेवंतीकाकी, दारात उभ्या होत्या. "घर तुमी राखतले. घोवाक हांव खंय दवरूं?" घर राखाल, पण नवऱ्याला कुठे ठेवू, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मला फार वाईट वाटलं.

त्या पावसाळ्यात काका खिडकी सताड उघडी टाकून जाळी सांधत बसले. घरात पाणी, अंगात ताप. चतुर्थीच्या आधीच जावई दोघांना वास्कोला घेऊन गेला. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाळं पसरायला जागा नव्हती. काका परत आले नाहीत. पुढे घर विकलं गेलं आणि त्याचं गेस्ट हाउस झालं.

तपासणी माझ्याकडेच आली. नव्या मालकाने नियम तंतोतंत पाळले होते. शिंपले घासूनपुसून लख्ख. हॉलच्या भिंतीवर बाजारातून आणलेलं जाळं टांगलेलं.

"सगळं ओरिजिनल आहे ना, सर?" त्याने विचारलं.

"खिडकी आहे," मी म्हटलं आणि सही केली.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या घरात गेलो की टेप काढायच्या आधी विचारतो, इथे कोण काय काम करतं? नकाशात ते दाखवायला रंग ठरलेला नाही. तरी विचारतो.