चहाच्या स्टँडसाठी आणलेला पाईप कापला, तेव्हा

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते तुम्हालाही कळावं, म्हणून लिहितेय.

वाशीत आमचं चहाचं हॉटेल आहे. मोठ्या पातेल्यासाठी आणखी एक स्टँड करायचा होता. भंगारवाल्याकडून रंग दिलेला, चकचकीत चौकोनी पाईप आणला आणि वेल्डिंगवाल्या चाचांकडं नेला.

चाचांनी पाईप हातात तोलला. "लई हलका हाय हो ताई," म्हणाले आणि कटर चालवला. आतून भुसभुशीत गंज सांडला. बाहेरून नुसता रंग, आत कागदाएवढा पातळ पत्रा.

"ह्याच्यावर उकळता चहा ठिवणार व्हय?"

तेवढ्यात मला आठवलं. हॉटेलातला आत्ताचा स्टँडही त्याच भंगारवाल्याच्या पाईपचा आहे! आणि त्याला लागूनच स्टुलावर बसून सासूबाई चहा गाळतात.

तिथूनच नवऱ्याला फोन केला. "आधी आईंना तिथनं उठवा. मग गॅस बंद करून पातेलं उतरवा."

मी धावत पोचले. यांनी रिकामा स्टँड पायानं जरासा ढकलला. एक पाय कटकन मोडला आणि स्टँड सासूबाईंच्या रिकाम्या स्टुलावर आडवा झाला.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "पोरी, म्या तर सकाळधरनं तिथंच बसलेली गं."

आता जाड पाईपचा स्टँड होईपर्यंत हॉटेल बंद. तुमच्याकडं उकळतं भांडं कशावर ठेवलंय? कधी खाली वाकून बघितलंय का?