जाण्याची वेळ, येण्याची वेळ

गोदामात संविधान दिनाला बोलायला मला पाच मिनिटं दिली होती. मुद्दे काढल्याशिवाय मला काही जमत नाही. तेव्हा मुलीचं राज्यशास्त्राचं पुस्तक घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले.

एक. महायुद्धानंतर जर्मनीत नवी राज्यघटना लिहायला बसलेल्यांपैकी काही जण हुकूमशहाच्या तुरुंगात राहून आलेले होते.

दोन. राज्य माणसासाठी असतं, माणूस राज्यासाठी नसतो, असं एका कच्च्या मसुद्यात होतं. ते वाक्य पुढे गळलं, पण पहिलं कलम माणसाच्या प्रतिष्ठेचंच राहिलं. तिला कोणी धक्का लावायचा नाही, आणि ती जपणं हे सरकारचं काम.

तीन. त्याच सुमारास आपल्याकडे उद्देशिका लिहिली गेली. तिच्यात व्यक्तीची प्रतिष्ठा आधी आहे, राष्ट्राची एकता नंतर.

चार. महायुद्धात जर्मनीत माणसांना छळछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांत भरण्याआधी त्यांच्या याद्या झाल्या होत्या. रकाने आखून, स्वच्छ अक्षरात.

चौथा मुद्दा लिहिला आणि पेन थांबलं. कागदाखाली, टेकू म्हणून, बेरजेसाठी खिळ्यावरून काढून आणलेलं बाथरूमचं रजिस्टर होतं.

मी पॅकिंगची सुपरवायझर, ते मीच सुरू केलं होतं. पडघ्याजवळच्या आमच्या गोदामात पॅकिंगच्या बायका सारख्या उठतात, लाइन थांबते, असं साहेब एकदा म्हणाले. रजिस्टर ठेवा असं काही ते म्हणाले नव्हते. मी तीन रकाने आखले: नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. दाराशी खिळ्याला वही, वहीला दोरीने पेन.

दिघाशीची एक बाई आमच्यात सगळ्यात वयस्कर, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, एक नंबर का दोन नंबर, ते बी लिवायचं का?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

शनिवारी शिफ्ट सुरू होताना, कोण किती वेळा गेली त्याच्या बेरजा मी सगळ्यांसमोर वाचायचे. सगळ्यांना सारखाच नियम, म्हणून तो न्याय्यच आहे असं मला वाटायचं. दोन-तीन आठवड्यांत मावशीच्या नावापुढे काहीच येईना. एका शनिवारी मी मोठ्याने वाचलं, "मावशी, शून्य! बघा, शिका जरा." आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मावशी पदराने तोंड झाकून हसली.

पाण्याची बाटली ती सकाळी भरून आणायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी न्यायची. हे मी पाहिलं होतं. पाहून काही वाटलं नव्हतं.

मग ती यायची बंद झाली. सुनेचा फोन आला. लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. मी हजेरीत रजा मांडली, तिच्या टेबलावर दुसरी बाई बसवली आणि पुढच्या कामाला लागले. हे सगळं त्या भाषणाच्या पंधरा दिवस आधीचं.

भाषणात मी तीनच मुद्दे बोलले. टाळ्या झाल्या. संध्याकाळी रजिस्टर फाडलं, खिळाही उपटला, आणि रविवारी दिघाशीला गेले.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला. मला बघून डोक्यावर पदर घेतला.

"बाई, तुमी कशाला आलाव एवढ्या लांब? माझी जागा हाय ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. "आणि मावशी, ते रजिस्टर काढून टाकलं. चूक माझी होती."

"तुमची कसली चूक? नियम सगळ्यांनाच व्हता."

सुनेने चहा दिला. मावशीला डॉक्टरांनी भरपूर पाणी सांगितलं होतं, ती माझ्यासमोर घोट घोट घेत होती. थोड्या वेळाने ती भिंतीला धरून उठली. तिने वरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, जरा जाऊन येऊ? लगेच येते."

"अवो, आपल्याच घरात काय इचारता?" सून हसली.

मावशी हसली नाही. दारात उभीच राहिली, माझ्याकडे बघत. शेवटी मी मान हलवली, तेव्हा ती गेली.