चिमटीतलं पीठ

गायकवाडकाका पीठ डोळ्यांनी बघतच नसत. चालत्या चक्कीच्या तोंडाशी हात धरायचे, पडणारं पीठ चिमटीत चोळायचे आणि दगड आवळायचे नाहीतर सैल करायचे. "वहिनी, तुमच्या सासूबाईंना दात नाहीत ना? मग बारीकच हवं." बोरीवलीत आमच्या सोसायटीखाली त्यांची गिरणी. कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोणाला काय पचतं, सगळं या माणसाला पाठ.

मग कोपऱ्यावर सुपरमार्केट उघडलं. गारेगार हवा, तयार पिठाच्या पिशव्या. दळणाचे डबे रोडावले. काकांची मुलगी सुनीता नुकतीच चक्की चालवायला शिकली होती. गिरणी तिच्या हाती द्यायची, एवढीच काकांची इच्छा, आणि आता गिरणीच राहते की जाते अशी वेळ आली. खोटं कशाला सांगू, मीही घसरले. एका सकाळी पिठाची पिशवी घेऊन येताना नेमके काका समोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर बरं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडे सुटा गहू मिळतो का हो?"

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. काकांनी तिथला गहू तळहातावर घेतला, एक दाणा खुशाल दाताखाली फोडला. आजूबाजूच्या बायका बघतायत, माझी लाजेने वाट लागलेली. काका मात्र खूश. "दाणा झकास आहे. यांचा गहू वाईट नाही, पीठ शिळं आहे."

संध्याकाळी गिरणीच्या दारात फळा लागला: 'या आठवड्यात सुपरमार्केटचा गहू चांगला. ज्वारी घेऊ नका.' सुनीता भडकली, त्यांची फुकट जाहिरात कशाला करता म्हणाली. काका शांतपणे म्हणाले, "अगं, गहू त्यांना विकू दे ना. पोळ्या काय गव्हाच्या दाण्यांच्या लाटणार आहेत?"

लोक आधी हसले. मग फळा वाचून गहू घ्यायला लागले आणि तिथून थेट गिरणीत यायला लागले. त्या दिवाळीत भाजणीच्या डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

मागच्या वर्षी काका गेले. घरचं माणूस गेल्यासारखी रडले मी. गिरणीचं शटर आठवडाभर खाली होतं, आणि येता-जाता तिकडे बघवत नव्हतं. ते उघडलं त्याच दिवशी मी गहू घेऊन गेले. फळ्यावर सुनीताच्या अक्षरात नवा मजकूर होता. तिने चक्की सुरू केली, हात पुढे धरला, पीठ चिमटीत चोळलं आणि दगड थोडा आवळला.

"काकू, परवा दाढ काढलीत ना? तुमचंही आता बारीकच दळते."