लायल क्रेबिल मे महिन्यात आला नाही

केल्टनमध्ये वाईट बातमी तोंडावर सांगायची पद्धत नाही. इथे आधी खायला घालतात. पोलादाचा कारखाना बंद झाला तेव्हा लायलच्या बापाला मुकादमाने आधी भरपेट जेवायला नेलं होतं आणि गोड खाऊन झाल्यावर सांगितलं होतं. त्यामुळे त्या शुक्रवारी संध्याकाळी स्टानेकच्या बारमध्ये म्हाताऱ्या स्टानेकने न मागवलेली तळलेल्या माशांची दुसरी बशी समोर आणून ठेवली, तेव्हा लायल क्रेबिलने हातातला काटा खाली ठेवला.

काउंटरच्या वर टीव्ही लावलेला होता. दर वसंतात कॉलेजातली नवी पोरं टीमांमध्ये वाटली जातात, तो कार्यक्रम चालू होता. अमेरिकन फुटबॉलमधली आमची टीम म्हणजे लोहार. मोठ्या लीगच्या बऱ्याच पायऱ्या खालची लीग आमची, पण केल्टनला दुसरं आहेच काय? लायल या लोहारांचा क्वार्टरबॅक. सगळी टीम ज्याच्या ओरडण्यावर हलते तो माणूस. हिवाळ्यात सासऱ्याच्या दुकानात टायर बदलायचा आणि खेळाचे दिवस आले की मैदानावर उभा राहायचा. पस्तिशी ओलांडली होती, खांदा दुखरा होता, गुडघे तर विचारूच नका.

कोच हॅस्किन्सने महिन्याभरापूर्वी त्याला मुद्दाम बोलावून विचारलं होतं, "बोल, यंदा काय हवंय तुला?"

"डाव्या बाजूला एक धिप्पाड गडी द्या," लायल म्हणाला होता. "तिकडून अंगावर येणारा मला दिसत नाही. आणि आता दिसला तरी पळवत नाही."

दोघंही हसले होते. म्हणून अख्खा बार त्या धिप्पाड गड्याची वाट बघत बसला होता. आणि टीव्हीवरच्या माणसाने वाचलं, "केल्टन लोहार. क्वार्टरबॅक. कोल्बी रेन्फ्रो, ओक्लाहोमा."

स्टानेकने टीव्हीचा आवाज कमी केला. या धंद्यात एक रीत आहे. जागेवर माणूस असताना त्याच जागेसाठी दुसरा घ्यायचा असेल, तर आधी त्याला फोन करायचा. चोरही हल्ली एवढी सभ्यता पाळत असतील. लायलचा फोन बशीशेजारी उताणा पडला होता, मुका.

"खा रे, गार होईल," स्टानेक म्हणाला.

शेजारच्या स्टुलावर बर्नी वोयटोविच बसला होता. तो टीमचा सेंटर, म्हणजे खेळ सुरू करताना दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. लायलशी त्याचं इतक्या वर्षांचं मेतकूट की बायका चेष्टा करायच्या. बर्नी घसा खाकरून म्हणाला, "राखीव म्हणून घेतला असेल रे. राखीव लागतोच की."

"राखीव आहे आपल्याकडे."

"तो? त्याला चेंडू दिसला की घाम फुटतो."

"निवडीच्या पहिल्याच फेरीत राखीव घेतात का, लेका? मला दूधखुळा समजतोस?"

बर्नीने लायलच्या बशीतला मासा उचलला आणि खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला. कोचच होता.

"लायल! अरे, आत्ता तुलाच लावणार होतो."

"टीव्हीने आधी लावला."

"हे बघ, गाडी तुझीच आहे. पोरगा मागे बसेल, बघेल, शिकेल. तू त्याला तयार कर. तुझ्यासारखा मास्तर त्याला मिळणार कुठे?"

मास्तर! शिवी दिली असती तरी परवडलं असतं. लायलच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो केल्टनचा माणूस, भर बारमध्ये आवाज चढवायचा नाही. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मग उठून बाहेर गेला आणि गाडीत नुसताच बसून राहिला.

आता लायल कसा खेळाडू होता ते सांगायलाच हवं, कारण बाहेरच्यांना ते कधी कळलं नाही. लांब फेकणारा तो कधीच नव्हता. पळण्यात तर आनंदच. त्याच्याकडे होता तो आवाज. दोन्ही बाजूंची धुडं समोरासमोर वाकून बसतात, बर्नी चेंडूवर पंजा ठेवतो, मागे लायल दोन्ही हात बर्नीच्या ढुंगणाखाली धरून उभा. मग तो ओरडणार, "हट!" कितव्या हटला चेंडू मागे यायचा ते फक्त आपल्या माणसांना ठाऊक. तोवर जो हलेल त्याच्या टीमला पाच यार्ड मागे सरकायचा दंड. लायलचा पहिला हट असा काही यायचा, पोटातून, खरा वाटणारा, की समोरचा हत्तीएवढा गडी उडी मारून पुढे येऊन पडायचा. आणि आपले लोहार? ढिम्म. दगड परवडले. गावातली शाळकरी पोरं बसथांब्यावर लायलसारखा हट काढून एकमेकांना फसवायची.

त्या आवाजावर त्याने घर चालवलं, नाव कमावलं. आणि त्याच आवाजाची त्याला घमेंड होती. आपल्याशिवाय ही टीम हलायची नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

सोमवारी गावच्या रेडिओवर त्याला विचारलं, नव्या मुलाला शिकवणार का? लायल म्हणाला, "मला खेळायचा पगार मिळतो. पोरं सांभाळायचा नाही." गाव खूष झालं. टायरच्या दुकानात येऊन लोक पाठ थोपटून गेले. त्या थोपटण्याने तो आणखी चेकाळला आणि त्याने जाहीर केलं की मे महिन्यातल्या सरावाला आपण येणार नाही.

हा मेचा सराव ऐच्छिक असतो. कागदावर ऐच्छिक. जुने खेळाडू रागावले की तो बुडवतात. क्लबचं नाक दाबायचा तोच एक मार्ग. लायलला वाटलं, आठवडाभरात कोच टोपी हातात घेऊन दुकानात येईल.

कोच आला नाही. बर्नी आला.

"अरे, नुसता येऊन उभा राहा. एक चेंडू फेकू नकोस. पण ये."

"त्यांना कळू दे माझ्यावाचून कसं होतंय."

"होतंय रे बाबा," बर्नी हळूच म्हणाला. "तीच तर भीती आहे."

"मग तू कशाला जातोस? दोस्त ना माझा?"

"मला तीन पोरं आहेत, लायल. मला कुणी रेडिओवर बोलावत नाही." बर्नी दारातला टायर उगाच पायाने ढकलत उभा राहिला आणि निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला बायकोने, शॉनाने, विषय काढला. "किती दिवस रुसून बसणार आहेस? जावई तू आमच्या दुकानाचा आहेस, क्लबचा नव्हेस. तिथे कुणी मनधरणी करायला येणार नाही."

"येतील."

"बटाटे घे," शॉना म्हणाली. लायलने तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि बटाटे घेतले नाहीत.

मग एके दिवशी तो पोरगा स्वतःच दुकानात आला. कोल्बी रेन्फ्रो. उंच, गोरापान, कानाची पाळी उन्हाने सोललेली. हातात आईने पाठवलेली, अक्रोडासारख्या पेकनच्या सारणाची गोड पाई. लायल गाडीखाली होता, तो तसाच आडवा राहिला.

"सर, मी कोल्बी."

"टायर बदलायचेत?"

"नाही सर. तुमचा तो हट... मी लहानपणापासून चित्रफिती बघतोय तुमच्या. शिकवाल का मला? तुमची जागा घ्यायला नाही सर. तुम्ही नसताना कामचलाऊ म्हणून."

लहानपणापासून! लायल गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले, पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोराच्या डोळ्यांत लबाडी नव्हती आणि तेच त्याला सहन होईना. लबाड असता तर झोडपता आला असता.

"आपला आवाज आपण काढावा," लायल म्हणाला. "माझा मी कुणाकडून घेतला नव्हता."

"हो सर. थँक्यू सर." पाई काउंटरवर ठेवून पोरगा गेला. लायलने ती कामगारांना वाटून टाकली, स्वतः तोंडही लावलं नाही.

आणि पोराने खरोखरच आपला आवाज काढला. आखूड, चटकन. ताणायला जमत नव्हतं म्हणून त्याने ताणलाच नाही. पहिल्या हटला चेंडू मागे, समोरचा सावरायच्या आत. कोचला ते आवडलं. मेभर, जूनभर लोहार तेच घोकत राहिले, पहिला हट की सुटा. लायल त्या वेळी एका ट्रकची चाकं चढवत होता.

जुलैमध्ये हजेरी सक्तीची झाली तेव्हा तो गेला. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. कोच म्हणाला, "पहिला सामना तुझाच. शब्द दिला होता." पण सरावात लायलचा खांदा जपायच्या निमित्ताने निम्म्याहून जास्त वेळ पोरालाच मिळायचा. लायलने ते मनावर घेतलं नाही. सामना माझा आहे ना, मग झालं. एकदा घरच्या मैदानावर जिंकून दाखवलं की मला या खुर्चीवरून कोण उठवतो बघतो, असं तो शॉनाला म्हणाला. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून पोरगा, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. शॉना भांडी आवरायला उठली.

सामना टोलंडच्या टीमशी. मैदान खच्चून भरलेलं, सॉसेज भाजल्याचा धूर थेट खेळाडूंपर्यंत येत होता. लायल झकास खेळला. खोटं कशाला सांगा, त्या खांद्याने इतकं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. फक्त मध्यंतराच्या आधी त्याने हट ताणला तेव्हा डावीकडचा एक नवा गडी आधीच उठला आणि दंड लोहारांना बसला. लायल त्याच्यावर खेकसला, "झोपेत आहेस का रे!" गडी खाली मान घालून "माफ कर" म्हणाला. बर्नीने लायलकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

शेवटी चार गुणांनी मागे होते. शेवटची संधी, आणि जिच्यापलीकडे चेंडू नेला की सहा गुण मिळतात ती रेघ दोन यार्डांवर. अख्ख्या केल्टनला ठाऊक होतं आता काय होणार. लायल हट ताणणार, टोलंडचे गडी उडी मारणार, रेघ आणखी जवळ येणार आणि मग चेंडू घेऊन बर्नीच्या पाठीवर रेलून लायल पलीकडे पडणार. कितीदा पाहिलं होतं लोकांनी. घोळक्यात वाकून त्याने सगळ्यांना बजावलं, "तिसऱ्याला. ऐकलंत? तिसऱ्याला. तोवर कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

"तिसऱ्याला," बर्नी म्हणाला. घामाने त्याला डोळे उघडवत नव्हते.

लायलने हात पुढे धरले, छाती भरून घेतली आणि ओरडला, "हट!"

आयुष्यातला सगळ्यात चांगला हट होता तो. टोलंडवाले हलले नाहीत. हलला बर्नी. पहिल्या हटला त्याने चेंडू मागे दिला, जसा मे महिन्यापासून देत होता तसाच, सफाईने, जोरात. लायलचे हात अजून सैल होते. चेंडू त्याच्या मनगटावर आपटला, गुडघ्याला लागून खाली पडला आणि टोलंडचा एक गडी त्याच्यावर पोट टाकून आडवा झाला. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत बर्नी बाकावर बसून लहान मुलासारखा रडत होता. एवढा मोठा माणूस, अंगातून वाफ निघत होती.

"मी ऐकलं होतं रे तिसऱ्याला. डोक्यात होतं. अंगच गेलं पुढे. दमलो होतो आणि अंगच गेलं."

लायल त्याच्यासमोर उभा राहिला. त्याला वाटलं, याच्या नरडीचा घोट घ्यावा. इतकी वर्षं, बर्नी. इतकी वर्षं माझा आवाज आणि एक उन्हाळा त्याचा. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "त्या पोरासाठी बसवलंस ते अंगात, नाही का?"

बर्नीचं रडणं थांबलं. त्याने मान वर केली. "त्या पोरासाठी? मला तू हवा होतास. मी दुकानात आलो होतो तुझ्या. हात जोडायचे बाकी ठेवले होते. तू टायर बदलत बसलास, लायल. मी कुणाच्या आवाजावर वाकायचं होतं?"

खोलीतले सगळे आपापल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले. लायलने टॉवेल उचलला आणि न्हाणीत जाऊन पाणी सोडलं, पण पाण्याखाली गेला नाही.

मंगळवारी कोचने त्याला खाणावळीत नेलं, मोठी स्टेक मागवली. स्टेक समोर आली तसा लायल म्हणाला, "गोड मागवू नका. कळलंय मला."

बुधवारी नेहमीचा सराव. राखीव क्वार्टरबॅकचं काम काय, तर येत्या रविवारी समोर येणार त्या टीमच्या क्वार्टरबॅकचं सोंग घेऊन आपल्याच बचावाला सराव द्यायचा. लायलला कुणाचा तरी पिवळा सदरा दिला. पलीकडच्या अर्ध्या मैदानावर कोल्बी, बर्नी आणि बाकीचे. चटकन हट, चेंडू हातात, धाडधाड पावलं. कोल्बीने लांबून हात केला. बर्नीने केला नाही.

लायलने राखीव पोरांना वाकवलं, हात पुढे धरले आणि सवयीने पोटातून आवाज काढला. "हट!"

पलीकडे बर्नी पुन्हा चुकला. या खेपेला त्याने चेंडू दिलाच नाही, लायलचा आवाज ऐकून तिसऱ्याची वाट बघत दगडासारखा बसून राहिला, आणि कोल्बी रिकाम्या हातांनी त्याच्या पाठीवर जाऊन आदळला. कुणीतरी हसलं. शिट्टी वाजली.

कोच हॅस्किन्स मैदान ओलांडून लायलकडे आला. खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "लायल, जरा हळू ओरडशील का? तिकडे पोरांचा घोळ होतोय."

लायलने मान डोलावली. मग पिवळ्या सदऱ्याची बाही वर सारून पुन्हा वाकला, पुढच्या पोराला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "हट," आणि चेंडू लायलच्या हातात आला.